हात उठायची वेळ

मागच्या महिन्यात भाचीचा फोन आला. ही पुण्याला एका कंपनीत नोकरी करते, दिवसभर संगणकासमोर. आधी इकडचं तिकडचं बोलली, पाऊस किती, मामीचे गुडघे कसे वगैरे, आणि मग म्हणाली, "मामा, आजीला नक्की काय झालं होतं?" तिच्या दोन्ही हातांची बोटं चार-पाच महिन्यांपासून सुजतात. डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणून सांगितलं. घरात आणखी कोणाला होता का, असं विचारलं. आईला आहे हे तिला ठाऊकच होतं. आजीला मात्र तिने पाहिलेलंच नाही.

मी सांगू लागलो, पण तिचा खरा प्रश्न शेवटी आला. "मला नोकरी सोडावी लागेल का हो?"

मी "बघू" म्हटलं. मास्तराला प्रश्न विचारला की तो सरळ उत्तर देत नाही, सनावळी काढून बसतो. मीही तेच केलं. तर मंडळी, ही ती सनावळी. भाचीसाठी आहेच, पण आमच्या घरातल्या बाकीच्या पोरांनीही वाचावी. आजीबद्दल त्यांनी जे ऐकलंय ते "तिचे हात वाकडे होते" एवढंच आहे.

आमचं गाव चिमूरच्या बाजूचं, धानाच्या बांध्यांचं. जिल्ह्याला तेव्हा लोक चांदाच म्हणत आणि आजचा गडचिरोली जिल्हा त्याच्याच पोटात होता (तो २६ ऑगस्ट १९८२ ला वेगळा झाला). १९६२ साल असेल. माय तेहतिशीची. पहाटे चारला उठून जात्यावर बसायची. एके दिवशी जात्याचा आवाज आला नाही म्हणून मी उठून पाहिलं, तर ती जात्याजवळ दोन्ही हात मांडीवर ठेवून नुसती बसली होती. म्हणाली, "माहे हात अजून उठलेच नाहीत रे पोरा."

हे वाक्य माझ्या डोक्यात साठ वर्षं आहे. वैद्यकाच्या पुस्तकात याला सकाळचा ताठरपणा म्हणतात आणि तो तासाभरापेक्षा जास्त टिकला तर या रोगाची ती मोठी खूण धरतात. मायने ते एका ओळीत सांगितलं होतं. माणूस उठतो, हात उठत नाहीत. अकराच्या सुमारास ते उठत, मग दुपारभर ती जवळजवळ पूर्वीसारखी असे. बाबांनी जात्याच्या खुंट्याला जुन्या धोतराच्या चिंध्या गुंडाळून तो मनगटाएवढा जाड केला, कारण बारीक खुंटा तिच्या मुठीत धरवत नव्हता. विळ्याच्या मुठीलाही तसंच केलं. कोणी शिकवलं नव्हतं त्यांना.

थोडं रोगाबद्दल. आपल्याकडे "संधिवात" हा एकच शब्द म्हाताऱ्याच्या झिजलेल्या गुडघ्यालाही लावतात आणि या रोगालाही, त्यामुळे फार घोटाळा होतो. झीज वेगळी. या रोगात शरीराचं रक्षण करणारी यंत्रणाच चुकून आपल्या सांध्यांच्या अस्तरावर उठते. दोन्ही हातांचे तेच सांधे सुजतात, मनगटं धरतात, आणि उपचार झाला नाही तर वर्षांमागून वर्षं हाडं खाल्ली जाऊन बोटं करंगळीच्या बाजूला कलतात. हा म्हातारपणाचा रोग नव्हे. बहुतेकदा तिशी ते पन्नाशीत, म्हणजे ऐन कामाच्या वयात येतो, आणि पुरुषांपेक्षा बायकांना दोन-तीन पट अधिक. आपल्या माधवनिदानात "आमवात" असं वेगळं प्रकरण आहे, त्याची लक्षणं पुष्कळ जुळतात. आजचं इंग्रजी नाव आल्फ्रेड गॅरॉड या लंडनच्या डॉक्टराने १८५९ मध्ये रूढ केलं. आणि हे काही दुर्मीळ प्रकरण नाही. पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६ पासून भिगवण गावात घरोघर जाऊन पाहणी केली, त्यात साधारण दोनशे प्रौढांमागे एकाला हा रोग निघाला. आपल्या दोन जिल्ह्यांच्या लोकसंख्येला हे प्रमाण लावून पाहा म्हणजे किती घरांत जातं थांबलं असेल ते कळेल.

आता कामाचं. रोवणी पाहिलेल्यांना सांगायला नको, पण पुण्या-मुंबईच्या पोरांसाठी सांगतो. जुलैमध्ये पऱ्हे उपटायचे, त्यांच्या पेंड्या बांधायच्या, चिखलणी झालेल्या बांधीत दहा-पंधरा बायकांनी ओळीने वाकून मागे सरकत एकेक काडी चिखलात खोचायची. अंगठा आणि दोन बोटं, दिवसातून हजारो वेळा. ओळ सगळ्यांची एकत्र सरकते. एक मागे राहिली की ओळ वाकडी होते आणि शेजारणीला तिचं रोवावं लागतं. टोळी ठेक्याने असेल तर एकीच्या संथपणाचा भुर्दंड सगळ्यांच्या मजुरीवर.

टोळीतल्या बायका वाईट नव्हत्या, उलट फार चांगल्या होत्या. पहिल्या वर्षी त्यांनी मायला ओळीतून काढून पेंड्या वाहायला दिल्या. पुढच्या वर्षी मनगट इतकं सुजलं की तेही जमेना, तेव्हा त्यांनी तिला धुऱ्यावर आंब्याखाली बसवलं आणि सगळ्यांची तान्ही पोरं तिच्याकडे सोपवली. मजुरी अर्धी. तेही दोन हंगाम चाललं. मग जमीनमालक म्हणाला, पोरं सांभाळणारीचे पैसे मी का देऊ? त्याचंही गणित त्याच्या बाजूने बरोबरच होतं म्हणा. तिथून माय घरी बसली. वय पस्तीस-छत्तीस.

पण त्याआधी एक गोष्ट घडली होती, ती घरात कोणी बोलत नाही म्हणून इथे लिहितो. बोटं वाकडी दिसू लागल्यावर गावात कुजबुज सुरू झाली. रक्तपिती. महारोग! विहिरीवर तिच्यानंतर पाणी भरायला बायका थांबू लागल्या. माझ्या शाळेतल्या पाटीला हात लावायचा नाही असं शेजारच्या पोराला त्याच्या आजीने सांगितलं होतं. बाबा दोन दिवस जेवले नाहीत आणि तिसऱ्या दिवशी मायला घेऊन वरोऱ्याला निघाले. मला घरी ठेवायला कोणी तयार नव्हतं, म्हणून मीही बरोबर गेलो. १९६३ चा उन्हाळा.

वरोऱ्याला, म्हणजे आनंदवनात. बाबा आमट्यांनी महारोगी सेवा समिती १९४९ मध्ये काढली, कलकत्त्याला जाऊन कुष्ठरोगाचं शिक्षण घेतलं आणि १९५१ मध्ये वरोऱ्याजवळच्या सरकारने दिलेल्या खडकाळ, झुडपी जमिनीवर साधनाताई, दोन लहान मुलं आणि सहा रुग्णांना घेऊन ते राहायला गेले. एक लंगडी गाय आणि चौदा रुपये बरोबर होते, ही गोष्ट आमच्या जिल्ह्यात सगळ्यांना पाठ असते. आधी विहिरी खोदल्या, मग भाजी पिकवली. सुरुवातीला ती भाजी वरोऱ्यात कोणी घेत नसे.

मी तिथे जे पाहिलं ते एका अकरा-बारा वर्षांच्या पोराच्या नजरेने पाहिलं, तेव्हा तेवढंच सांगतो. झडलेल्या बोटांची माणसं काम करत होती. एकाने कुदळ दोन तळहातांमध्ये दाबून धरली होती. एक जण मोटेच्या बैलांमागे चालत होता. कोणी भीक मागत नव्हतं, आणि आमच्याकडे पाहून कोणी हात लपवला नाही. आम्हीच लपवत होतो. मायने पदराखाली हात घेतले होते.

तपासणाऱ्या माणसाने तिच्या हाताला कापूस लावला, टाचणी टोचली, कोपराजवळची शीर चाचपली. प्रत्येक वेळी तिला कळलं. उलट टाचणीपेक्षा त्याने बोट धरल्यावर ती जास्त कळवळली. तो म्हणाला, "बाई, तुम्हाला महारोग नाही. त्यात दुखत नसतं."

बाबा तिथेच खाली बसून रडले. आनंदाने. गावात आल्यावर त्यांनी चावडीवर सगळ्यांना सांगितलं, आणि विहिरीवरचं प्रकरण महिन्याभरात मिटलं.

मायचा चेहरा मात्र मला आठवतो. परतीच्या यष्टीत ती खिडकीबाहेर पाहत होती. कितीतरी वर्षांनी, मी नोकरीला लागल्यावर, ती एकदा म्हणाली होती की तिथल्या बायका कामाला जाताना दिसल्या आणि वाटलं, आपल्याला तोच रोग असता तर? बाबांना हे तिने कधी सांगितलं नाही. आज भाचीसाठी लिहिताना मला वाटतं, आमच्या घराचा आणि या रोगाचा सगळा इतिहास त्या एका वाक्यात आला.

नीट विचार केला तर दोन्ही रोग एकमेकांच्या उलट आहेत. कुष्ठरोगात नस मरते आणि वेदना जाते. बोटं रोगाने आपोआप गळून पडत नाहीत. चटका कळत नाही, जखम कळत नाही, म्हणून हात स्वतःला संपवतो. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी १९४० च्या दशकाच्या शेवटापासून हेच दाखवून दिलं आणि वाकडी झालेली बोटं शस्त्रक्रियेने पुन्हा उपयोगी केली. संधिवातात वेदना शाबूत असते, नको इतकी शाबूत, आणि तीच हाताला थांबवते. कारणं उलटी, पण कामाच्या ठिकाणी दोघांची अडचण एकच: मूठ वळत नाही. मग एकाला कुदळ कशी धरायची हे शोधून देणारं गाव मिळालं आणि दुसऱ्याला नाही, असं का झालं? माझं मत असं की कुष्ठरोग्याला समाजाने पूर्णच बाहेर टाकलं होतं, त्यामुळे आनंदवनाला काम मुळापासून मांडता आलं. हत्यार कसं असावं, कोणी कोणाबरोबर काम करावं, किती वेळ, सगळं तिथल्या शरीरांकडे पाहून ठरवता आलं. मायला कोणी बाहेर टाकलं नव्हतं. ती गावातच होती, ओळीतच होती, आणि ओळ ठरलेली होती. (पुढे आनंदवनात अपंगांना धंदेशिक्षण देणारं संधिनिकेतन निघालं. संधी म्हणजे सांधा आणि संधी म्हणजे वाव. मराठीच्या मास्तराला अशा शब्दापाशी थोडं रेंगाळावंसं वाटतंच.)

१९६८ मध्ये मी मॅट्रिक झालो आणि वरोऱ्याच्याच आनंद निकेतन महाविद्यालयात बी.ए.ला गेलो. कॉलेज महारोगी सेवा समितीचंच, १९६४ मध्ये सुरू झालेलं, आणि त्याच्या भिंती आनंदवनातल्या रुग्णांच्या हातच्या. त्याच सुमारास गावात एक फिरता वैदू आला. त्याने मायला पांढऱ्या पुड्या दिल्या. पंधरा दिवसांत चमत्कार झाला! सूज उतरली, ती जात्यावर बसली, आणि त्या जुलैला टोळीत परत गेली. पूर्ण ओळीत, पूर्ण मजुरीवर. मी सुट्टीत आलो तेव्हा ती चिखलात उभी राहून हसत होती. चेहरा गोल, भरलेला दिसत होता, आम्हाला वाटलं तब्येत सुधारली. वर्षभराने पुड्या मिळेनाशा झाल्या आणि दिवाळीपर्यंत ती अंथरुणावरून उठेना.

त्या पुडीत काय होतं हे तपासायला आज काही उरलेलं नाही, पण तो गोल चेहरा पुढे मी अनेकांच्या तोंडावर पाहिला आणि डॉक्टरांकडून त्याचं कारणही कळलं. स्टिरॉइड. त्याचा इतिहास मोठा चटका लावणारा आहे. अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये सप्टेंबर १९४८ मध्ये फिलिप हेंच यांनी या रोगाने जखडलेल्या एका स्त्रीला नुकतंच हाती आलेलं कॉर्टिझोन टोचलं आणि ती काही दिवसांत चालू लागली. लगेच १९५० मध्ये हेंच, केंडल आणि राइशस्टाइन यांना नोबेल मिळालं. मग दुष्परिणाम दिसले, हाडं ठिसूळ होतात, साखर वाढते, आणि अचानक बंद केलं तर शरीर कोसळतं. डॉक्टरांना ते जपून वापरायला शिकायला बरीच वर्षं लागली. वैदूला ते शिकायचं कारण नव्हतं.

आणि खरं औषध? ते ऐकून मी सुन्न झालो होतो. मेथोट्रेक्सेट. ज्या गटाने ते आणि त्याचं भावंड अमिनोप्टेरिन तयार केलं त्याचे प्रमुख आपले तेलुगू शास्त्रज्ञ येल्लाप्रगडा सुब्बाराव, भीमवरमचे. ते १९४८ मध्ये न्यूयॉर्कला वारले. ही औषधं मुळात रक्ताच्या कॅन्सरसाठी होती. १९५१ मध्येच अमिनोप्टेरिन संधिवाताच्या काही रुग्णांना देऊन गुण आल्याचं छापून आलं. पण कॉर्टिझोनच्या झगमगाटात तिकडे फारसं कोणी पाहिलं नाही. नीट चाचण्या १९८० च्या दशकात झाल्या आणि अमेरिकेत या रोगासाठी रीतसर मंजुरी १९८८ मध्ये मिळाली. माय १९८४ मध्ये गेली. मंजुरीच्या चार वर्षं आधी, आणि त्या पहिल्या कागदानंतर तेहतीस वर्षांनी.

असो. औषधाचं दुःख करत बसलो तर भाचीचा प्रश्न राहून जाईल.

काम सुटतं ते रोगाने की आणखी कशाने? याचा अभ्यास एडवर्ड येलिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत केला आणि १९८० मध्ये छापला. त्यांना अपेक्षा होती की ज्याचे सांधे जास्त खराब त्याचं काम आधी सुटेल. निघालं वेगळंच. रोग किती तीव्र आहे यापेक्षा, कामाची गती आणि पद्धत त्या माणसाला स्वतः ठरवता येते का, यावर काम टिकणं जास्त अवलंबून होतं. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ती रोवणीची ओळ दिसली. ओळीची गती मायच्या हाती असती तर!

पटत नसेल तर दोन माणसं घ्या. फ्रान्सचा चित्रकार रेन्वार. त्याला हाच रोग, १८९२ च्या सुमारास सुरू झालेला, शेवटी हात पंजासारखे आखडलेले, आणि १९१९ मध्ये मरेपर्यंत तो रंगवत होता. ब्रश त्याच्या हाताला बांधत, असं सगळे सांगतात, पण ते तसं नव्हतं. पट्ट्या असत त्या तळव्याची नाजूक कातडी सोलू नये म्हणून, ब्रश दुसरं कोणी त्याच्या बोटांत अडकवून देई. मोठं चित्र असेल तर कापड रुळांवर सरकवून ब्रशापुढे आणायची सोय केली होती. मूठ जाड करण्यासारखंच हे, फक्त पॅरिसच्या थाटाचं.

दुसरे खुद्द बाबा आमटे. त्यांना संधिवात नव्हता, पाठीच्या कण्याची झीज होती, आणि ती इतकी की त्यांना बसता येत नसे. उभं राहायचं किंवा आडवं व्हायचं, मधलं काही नाही. अशा माणसाने २४ डिसेंबर १९८५ ला कन्याकुमारीहून भारत जोडो यात्रा काढली, स्वतः गाडीतल्या बिछान्यावर पडून. पुढे १९९० मध्ये नर्मदेच्या काठी जाऊन राहिले. आम्ही मास्तर लोक वर्गात याला इच्छाशक्ती म्हणून शिकवत आलो. ती होतीच, त्यात शंका नाही, आणि हे लिहिताना त्यांचा मोठेपणा मी तसूभरही कमी करत नाही. पण इच्छाशक्ती मायलाही होती. तिला बिछाना घातलेली गाडी नव्हती. आडवं पडून करता येईल असं काम तिला कोणी देणार नव्हतं.

मी स्वतः बरीच वर्षं गडचिरोलीच्या बाजूला जिल्हा परिषदेच्या शाळेत होतो. मे महिन्यात तेंदूपत्ता सुरू झाला की गाव पहाटेच जंगलात जाई. ऊन चढण्याआधी पानं तोडायची, दुपारी घरी बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे, संध्याकाळी फळीवर (म्हणजे संकलन केंद्रावर) मोजून द्यायचे. मजुरी शंभर पुड्यांमागे. मोहफुलंही पहाटेचीच, कारण ती रात्री गळतात आणि उशीर झाला की गुरं खातात. म्हणजे बघा, जंगलाची वेळ पहाटेची आणि या रोगाची वाईट वेळही पहाटेचीच. तिथे मला दिसणाऱ्या दुखऱ्या सांध्यांपैकी सगळे याच रोगाचे नव्हते हेही सांगतो. सिकलसेलची पोरं असत, ज्यांच्या खुब्याचं हाड रक्त न पोचल्याने मरतं, आणि ओझ्याने मोडलेल्या पाठी तर घरोघरी. गावात सगळ्याला एकच शब्द, वात.

पण तेंदूच्या कामात एक गोष्ट मला रोवणीपेक्षा बरी वाटे. पुडे बांधायचं काम घरातल्या ओसरीवर, आपल्या वेळेने. तोडायला सून जाई, बांधायला सासू बसे. मजुरी घराला मिळे, बाईला नाही, हे खरं, पण जिची बोटं अकराला उठतात तीही कमावती राही. रोजगार हमीच्या मातीकामावर ही सोय नव्हती. खड्डा मोजून पैसे. हमीचा राज्याचा कायदा १९७७ चा, आणि काम मागेल त्याला काम हे त्यातलं फार मोठं तत्त्व होतं, पण जे काम मिळे ते बहुतेक घमेलं आणि फावडं. पुढे केंद्राचा २००५ चा कायदा आला, २००६ मध्ये पहिल्या टप्प्यात आपले दोन्ही जिल्हे त्यात होते. त्याची कलमं वाचताना मी चमकलो. कामावरच्या बायकांची सहा वर्षांखालची पाच किंवा अधिक पोरं असतील तर ती सांभाळायला एका बाईला नेमावं आणि तिला इतरांएवढीच मजुरी द्यावी! आमच्या टोळीच्या बायकांनी चाळीस वर्षांपूर्वी आंब्याखाली हेच केलं होतं. फरक मजुरीचा. मी ज्या ज्या कामांवर गेलो तिथे ती बाई क्वचितच दिसली, तो भाग वेगळा.

आता माझी बहीण, म्हणजे या भाचीची आई. तिला १९९५ मध्ये अडतिसाव्या वर्षी सुरू झालं. ती अंगणवाडी सेविका होती. या वेळी आम्ही वैदू शोधला नाही, सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात नेलं आणि तिथे आठवड्यातून एकदा घ्यायच्या मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या सुरू झाल्या. यकृतासाठी अधूनमधून रक्त तपासायचं, रोज घ्यायची नाही, हे दहादा बजावलं होतं. बोटं थोडी कलली, पण मायसारखी नाही. आणि ती निवृत्तीच्या वयापर्यंत नोकरी करत राहिली. मी पूर्वी याचं सगळं श्रेय सुब्बारावांना देत असे. हल्ली थोडं वाटून देतो. अंगणवाडी सकाळी उशिरा भरे. खिचडीचं पातेलं मदतनीस उचले, त्या बदल्यात बहीण तिच्या वहीतले आकडे भरून देई. पोरांना गाणी म्हणून दाखवायला बोटं लागत नाहीत. रजिस्टर लिहायला तिने पेनाला सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला होता. मी पाहिला तेव्हा मला जात्याचा खुंटा आठवला. तिने तो लक्षात ठेवून केला का, विचारलं, तर म्हणाली, "कोणता खुंटा दादा?" तेव्हा ती पाच वर्षांची होती.

एकदा तिने अपंगत्वाच्या दाखल्यासाठी अर्ज केला होता. एका सरकारी रुग्णालयात दुपारी दोन वाजता तपासणी झाली. बोटं वाकवून मोजली, टक्के काढले, चाळीसच्या खाली भरले. चाळीस नसतील तर सवलती लागू होत नाहीत. दुपारी दोनचे हात ते! सकाळी सहाला मोजले असते तर चित्र वेगळं दिसलं असतं. पण दाखला सांध्याचा कोन पाहतो, घड्याळ पाहत नाही. २०१६ च्या कायद्यात अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस झाले. त्यात कुष्ठरोगातून बरे झालेले आहेत, सिकलसेलही आहे, दोन्ही आपल्या भागाचे जुने प्रश्न, बरं झालं. हा रोग मात्र त्या यादीत नावाने नाही. हातापायाच्या अपंगत्वात मोजता आला तर मोजायचा.

तर भाचे, तुझ्या प्रश्नाकडे येतो. तुझ्या आजीचं काम चार-पाच हंगामांत सुटलं. तुझ्या आईचं सुटलं नाही. मधल्या काळात औषध आलं, हे अर्धं उत्तर. तू ते घेते आहेस, लवकर घेते आहेस, आणि आज त्यापुढचीही औषधं आहेत. उरलेल्या अर्ध्यासाठी तुला तुझ्या साहेबांना एक गोष्ट विचारावी लागेल, आणि ती विचारायला तू लाजतेस हे मला फोनवरच कळलं. तुमची रोजची बैठक नऊला असते म्हणालीस. ती अकराला ठेवता येईल का?

काल रात्री तिचा निरोप आला. विचारलंय म्हणते, अजून उत्तर नाही. आणि खाली लिहिलंय, मामा, सकाळी फोन करू नका, हातात धरवत नाही, अकरानंतर करा.

जात्याचा तो खुंटा गावच्या घरी माळ्यावर आहे. चिंध्या उंदरांनी खाल्ल्या आहेत. दिवाळीला तिला दाखवीन.